तोंगताईची अंडी

पडदा वर जातो. सकाळचे सहा वाजलेत. चीनमधलं थिएनचिन शहर, नदीपासून दोन गल्ल्या आत. डावीकडे सायकलवाल्याचं बंद दार, उजवीकडे दोरीवर कुणाचा तरी चौकड्यांचा पायजमा. मधोमध मोठा गोल तवा, त्यावर मुगाच्या धिरड्याची वाफ, आणि वाफेमागे पांढरी टोपी घातलेली तोंगताई. तव्याशेजारी भुशानं भरलेली लाकडी पेटी, आणि तिच्यात एका ओळीत मांडलेली अंडी.

ती ओळ म्हणजे रांग. धिरड्यावर फोडायचं अंडं प्रत्येकानं घरून आणायचं, ओळीत ठेवायचं आणि आपल्या कामाला जायचं. कुणी दूध आणतं, कुणी पिंजऱ्यातल्या पक्ष्याला बागेत फिरवून आणतं. माणूस नसला तरी त्याचं अंडं त्याची जागा धरून असतं. तो परतला की तोंगताई बरोबर त्याचंच अंडं उचलणार. अंड्यावर खूण नाही, कागदावर नोंद नाही, आणि तीस वर्षांत चूक नाही. मी रंगभूमीवरून उतरलो त्या वर्षापासून रोज हे पाहत आलोय, आणि सांगतो, एवढ्या पाठांतराचा नट मला आमच्या मंडळीत भेटला नाही.

मा मास्तर या गल्लीत आला तो स्कॉटलंडहून, शाळेत इंग्रजी शिकवायला. खरं नाव मॅल्कम. पहिल्याच दिवशी त्यानं धिरड्यात कोशिंबिरीचा पाला घालायला सांगितला. तोंगताईनं उलथणं खाली ठेवलं आणि त्याला विचारलं, की तुझ्या घरी ससे आहेत का. तेव्हापासून तो रोज यायचा, अंडं घेऊन, आणि बोलणी खाऊन जायचा.

हा मास्तर आपल्या गावच्या वर्तमानपत्राला पत्रं लिहायचा. ती तो आम्हाला आमच्या भाषेत वाचून दाखवायचा, आणि आम्ही पोट धरून हसायचो. इथले लोक सकाळी खिशात अंडी घालून हिंडतात. बागेत म्हातारे उलटे चालतात आणि कुणालाच धडकत नाहीत. पुलावर सत्तरीची माणसं चड्डीवर रांग लावून नदीत उड्या मारतात, आणि शेजारी त्यांना गुण देतात. धिरडीवाल्या बाईला निदान चार हजार भाऊ आहेत, थोरला एक्क्याण्णव वर्षांचा, कारण सगळेच तिला ताई म्हणतात. त्याला काय माहीत, आमच्याकडे बाई दिसली की ती ताई. बँकेतल्या विशीतल्या मुलीला मीसुद्धा ताईच म्हणतो.

शेवटी त्यानं अंड्यांबद्दल लिहिलं. ही बाई शंभर अंड्यांतून प्रत्येकाचं अंडं ओळखते, आणि असं आश्चर्य आमच्या बेटावर नाही. ते वाचून त्याच्या आईला पटेना. पोरगा थापा मारतोय म्हणाली, आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी विमानाचं तिकीट काढलं.

आणि नेमकं त्याच महिन्यात तोंगताई चुकली.

होऊ हा निवृत्त बसचालक. मेहुणीच्या गावाहून आलेली तपकिरी अंडी आणायचा आणि ती रोज सगळ्यांना दाखवायचा. त्या दिवशी त्याचं अंडं बालवाडीच्या बाईंच्या धिरड्यात गेलं. होऊनं गल्ली डोक्यावर घेतली. तोंगताई म्हणाली, घरंगळलं असेल. भुशात रुतवलेलं अंडं घरंगळत नाही, हे सगळ्यांना कळत होतं. त्या आठवड्यात आणखी दोनदा तसंच झालं. मग तिला विनोद सुचेनासे झाले. अंडं उचलताना तिचा हात ओळीवर जरा थांबायचा.

एकदा तवा घासताना ती मला म्हणाली, की मास्तरची आई येईल त्या दिवशी आपलं पोट दुखणार आहे, तवा बंद.

मी म्हणालो, “ताई, रंगमंचावर मी कितीदा वाक्यं विसरलोय. पडद्याआडून कुणीतरी हळूच पुरवायचं, आणि खेळ पुढे जायचा.”

“तुम्ही विसरलात तर लोक हसतात, प्रधानजी.” मी प्रधानाच्या भूमिका करायचो म्हणून ती मला प्रधानजी म्हणते. “ज्या बाईला अंडं कुणाचं ते कळत नाही, तिच्या हातात उद्या अंडं कोण देईल?”

त्याच संध्याकाळी मी गल्लीत घरोघर गेलो. होऊचं दार शेवटी ठोठावलं, कारण त्याचा राग गेला नसेल अशी भीती होती. तो म्हणाला, पेन्सिल माझ्याकडे आहे, तुम्ही नाटकं करू नका.

आई आली. उंच, पांढरे केस, हातात स्वतःचं अंडं. आम्ही ते ओळीत ठेवलं आणि तिला तव्यासमोर स्टुलावर बसवलं. मास्तर तिच्या कानाशी भाषांतर करत उभा राहिला. तोंगताईचं पोट दुखलं नव्हतं, पण चेहरा दुखऱ्या पोटाचाच होता. होऊ पुढे आला. तोंगताईनं ओळीवर हात फिरवला, एक अंडं उचललं, उलटं केलं आणि थबकली. भुशात रुतलेल्या बाजूवर बारीक अक्षरात लिहिलं होतं: होऊ.

तिनं आमच्याकडे पाहिलं. आम्ही सगळे आकाशाकडे पाहत होतो. नाटक मंडळीत एवढा वाईट अभिनय मी खपवून घेतला नसता.

मग तिचा हात चालू लागला. एकामागून एक, बरोबर. आईचं अंडं तेवढं कोरं होतं, म्हणून तेही बरोबर. म्हातारीनं टाळ्या वाजवल्या, आणि तेव्हा तिचा तळहात दिसला. त्यावर निळ्या शाईत काहीतरी खरडलं होतं. तोंगताईनं विचारलं, हे काय. मास्तर ओशाळून म्हणाला, हॉटेलचं नाव आणि माझा फोन नंबर, आई हल्ली विसरते.

तोंगताई त्या हाताकडे बघत राहिली. धिरडं एका बाजूनं करपायला लागलं, तेव्हा तिनं ते उलटलं, अंडं पसरलं, तळलेली कुरकुरीत पट्टी आत घालून घडी केली आणि स्वतःच्या हातानं म्हातारीला दिलं. मग कधी नव्हे ते हसून मास्तरकडे वळली.

“आता खरं लिही,” ती म्हणाली. “लिही, की तोंगताई विसरते, म्हणून लोक अंड्यांवर नावं घालून आणतात. आणि या होऊला कुणीतरी अक्षर शिकवा. कोंबडीनं स्वतः सही केल्यासारखं दिसतं.”