कडेकडे वळणारं चाक

नवरा गेला त्याच वर्षी मला आंबवड्याच्या शाळेत नोकरी लागली. राहायचे भोरला, सासरीच. शाळेच्या वेळेला एसटी नव्हती, म्हणून धाकट्या दिरांनी पुण्याहून जुनी लेडीज सायकल एसटीच्या टपावर टाकून आणली. सासूबाई एवढंच म्हणाल्या, पदर नीट खोचत जा. मला काही वाटलं नाही. तेव्हा कशाचंच काही वाटत नव्हतं. पानात वाढलं की जेवायचे, उजाडलं की उठायचे.

दिरांनी शिकवलं आणि मी सरळ चालवू लागले. एका सकाळी समोरून बैलगाडी आली. तिला वाट द्यायला डावीकडे सरकले, तर रस्त्याची कड अगदी चाकाशी आली. खाली भातखाचर. मी हँडल उजवीकडे ओढलं आणि सायकल डावीकडेच कलंडली. कोपर फुटलं. रक्त दिसत होतं, दुखत नव्हतं. चिखलाच्या लुगड्यानंच वर्गात जाऊन मुलांकडून पाढे म्हणून घेतले.

संध्याकाळी दिरांनी विचारलं, हँडल कुठं वळवलं होतं? मी म्हटलं, कडेपासून लांब.

"तितंच चुकलं, वहिनी. लांब जायचं तर आदी कडंकडंच जरा दाबायचं."

"म्हणजे पडायचंच."

"न्हाई पडत. मी चालवतो, तुमी चाकाचा माग बघा."

घरामागच्या मोकळ्या जागेत त्यांनी पुढचं चाक भिजवलं आणि धुळीतून सायकल उजवीकडे वळवली. ओला माग आधी थोडा डावीकडे गेला होता, मगच उजवीकडे. चाक डावीकडे निघालं की अंग उजवीकडे कलतं, कललं की सायकल तिकडे वळते, असं त्यांनी सांगितलं. घाईनं वळवाल तर आधीची उलटी चालही मोठी होते, आणि अगदी कडेला गेल्यावर तेवढी जागाच उरत नाही. तेही असेच एकदा ओढ्यात पडले होते.

मला ते पटलं, पण हातांना पटायला बरेच दिवस लागले. मग एकदा पुन्हा कड जवळ आली. हातांनी आपणहून हँडल कडेकडे किंचित दाबलं. खालचं खाचर क्षणभर आणखी जवळ आलं, आणि सायकल रस्त्याच्या मधोमध आली.

मी उतरले. सायकल धरून रस्त्यातच उभी राहिले. शेळ्या घेऊन चाललेल्या एका धनगर बाईनं विचारलं, "काय झालं, बाई?"

"भ्याले," मी म्हटलं.

ती थोडा वेळ माझ्याजवळ थांबली. शेळ्या पुढं गेल्या तशी तीही गेली. मी सायकलीवर बसून शाळेला निघाले.