परसूच्या राक्षसाची भुवई

आमच्या मारतहळ्ळीत इमारत अर्धी उभी राहिली, की तिथं सगळ्यांत आधी राहायला येतो तो माझ्या खालच्या मजल्यावरच्या कारागिराचा, परसूचा राक्षस. नव्या घराला दृष्ट लागू नये म्हणून टांगलेला हिरवा चेहरा, बटाट्याएवढे डोळे, हनुवटीवर लोंबणारी लालभडक जीभ, दोन सुळे आणि पार कपाळात चढलेली डावी भुवई. ती भुवई इतर कारागिरांनी बिनदिक्कत उचलली. त्याचा राग मला येतो, परसूला नाही.

हा राक्षस मूळचा कुठला, असं विचारलं की परसू पुराणातली गोष्ट सांगतो. शंकरानं एक राक्षस निर्माण केला. तो इतका भुकेला, की शंकराच्या सांगण्यावरून स्वतःलाच खात सुटला. नुसतं तोंड उरलं. शंकर खूश झाला आणि त्यानं ते दारावर बसवलं. "पण चेहरा आमच्या बाबांचा," परसू हळूच पुढे जोडतो. खानापूरकडच्या त्याच्या गावात यात्रेच्या सोंगांमध्ये वडील राक्षस व्हायचे.

वडील गेल्यावर यंदा त्यानं आईला, सकवारबाईला, इथं आणलं. तिचा जीव काही रमेना. शेजारपाजार कानडी, तोही सदा घाईत, आणि हाताला काम नाही. "मला गावाकडं सोड," एवढंच तिचं पालुपद. गावात ती एकटी कशी राहणार, या काळजीनं परसूला घास गोड लागेना. तरी शेवटी त्यानं बसचं तिकीट काढलं.

निघायच्या सकाळी मी निरोप द्यायला वरच्या मजल्यावरून खाली आलो. एरवी मागच्या शेडमध्ये काम करणारा परसू त्या दिवशी दारातच एक चेहरा रंगवत बसला होता. सकवारबाई पिशवी घेऊन बाहेर आली आणि थबकली.

"ही भुवई कुठनं आली रे?"

"बाबांची की, आई."

"त्यांची कसली! त्यांचं तोंड मीच रंगवायची. भुवईपाशी आले की मला हसू फुटायचं, न् हात जायचा वर."

माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू!

तिनं पिशवी खाली ठेवली, पदर खोचला. "सरक. तुला काही नीट जमली नाही ती." भुवई काढताना तिला हसू फुटलं आणि हात वर गेला.

एकामागून एक चेहरे तिच्यापुढे येत राहिले. दुपारी जेवायला उठताना तिनंच पिशवी उचलली आणि आत नेऊन ठेवली.