गलबतावरची दुपार

काल निमगाव केतकीच्या बाजारात ओल्या काथ्याच्या दोरांचा वास आला आणि मी पिशवी खाली ठेवून तिथंच उभा राहिलो.

एकोणीसशे पन्नास सालानंतरची गोष्ट. सणसरचा मी, मुंबईच्या धक्क्यावर हमाली करता करता शिडाच्या गलबतावर खलाशी झालो. कौलं भरून आम्ही चौघं एडनला निघालो होतो. वादळात फळ्यांचे सांधे उघडले आणि तळाशी पाणी भरू लागलं. मग वादळ गेलं, त्याच्याबरोबर वाराही गेला. शिडं नुसती लोंबत होती. आम्ही पाळीपाळीनं पाणी उपसत होतो. तळहात सोलले होते, त्यांना खारं पाणी झोंबायचं.

एका दुपारी माझी पाळी आली आणि मला उठताच येईना.

"बुडू दे आता. माज्यानं न्हाय व्हत," मी म्हणालो.

गलबताचा म्हातारा तांडेल, आम्हा खलाशांचा म्होरक्या, रागावला नाही. त्यानं बादली घेतली. "घाट्या, तुमच्याकडे ऊस कसो लावतत, ता सांग."

मी डोळे मिटून सांगू लागलो. सरी पाडायची, बेणं दाबायचं, कालव्याचं पाणी सोडायचं.

"मगे?" तो धापा टाकत विचारायचा.

बोलता बोलता झोप लागली. जागा झालो तेव्हा ऊन उतरलं होतं आणि तांडेल अजून उपसतच होता. पुढं वारा सुटला, आम्ही एडनला लागलो.

तेव्हा वाटलं, कोकणातल्या माणसाला उसाचं काय हे कौतुक! आज मी त्याच्या वयाचा झालोय. त्या उन्हात दोघांची पाळी काढताना त्याची पाठ काय म्हणत असेल, ते आता कळतं.