घरात किती?

आमचे भाऊजी सकाळी उठले की देवाला हात जोडण्याआधी विचारायचे, "बाहेर किती? घरात किती?" हॉलमधल्या शोकेसवर हवामानाचं यंत्र होतं. वरच्या ओळीत बाहेरचं तापमान, खाली घरातलं आणि कडेला हवेतला दमटपणा. मी स्वयंपाकघराच्या दारातून आकडे मोठ्याने वाचायचे. ते मान डोलवायचे आणि मगच चहाला हात लावायचे.

भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर. माझा नवरा गेल्यावर ते मला मानपाड्याला आपल्या घरी घेऊन आले. आमच्याकडे धाकट्या सुनेने थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायचं नसतं. मला काही हवं असलं तर मी जाऊबाईंना सांगायचे, त्या त्यांना सांगायच्या. तेसुद्धा मी समोर उभी असले तरी "धाकटीला विचार" असंच म्हणायचे. आकडे वाचणं तेवढं चालायचं, कारण आकडे म्हणजे बोलणं नव्हे. इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी जे काही बोलले, ते सगळे आकडेच.

नोकरीत असताना ते जवळच्याच एका केमिकल कारखान्यात मीटरचे काटे बरोबर आहेत का ते तपासायचे. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, म्हणून मुलाने त्यांना हे यंत्र आणून दिलं. मुलगा बाळकुमला राहतो. त्याला वाटलं, बाबा खूश होतील. बाबांनी पेटी उघडली आणि म्हणाले, "कंपनी काहीही छापेल. आधी बघू, खरं बोलतंय का."

यंत्राबरोबर खिडकीबाहेर टांगायचा एक छोटा डबा होता, बाहेरचं तापमान मोजणारा; तो पिशवीत बांधून बर्फाच्या पाण्यात बुडवला, शून्य येतं का ते बघायला, आणि आलं. मग जाऊबाईंची लोणच्याची मोठी बरणी मागून घेतली, तळाला ओलं मीठ पसरलं, वर यंत्र ठेवलं आणि झाकण घट्ट लावलं. ओल्या मिठाजवळच्या बंद हवेत दमटपणा पंचाहत्तर यायला हवा म्हणे. यंत्राने अठ्ठ्याहत्तर दाखवला. त्यांनी कागदाची पट्टी कापून "तीन वजा" असं लिहिलं आणि आकड्याखाली चिकटवली. "यंत्र खोटं बोलत नाही. थोडं वाढवून सांगतं, माणसासारखं," असं ते म्हणायचे.

"आणि माझी बरणी?" जाऊबाईंनी विचारलं.

"धुऊन देतो."

दिली नाही. मीच धुतली.

वाचायला सोपं आहे का, याची परीक्षा माझ्यावर व्हायची. "चौथी शिकलेल्या माणसाला दारातून वाचता आलं, तर यंत्र पास." उभी राहून वाच, खाली बसून वाच, दिवा लावून वाच, विझवून वाच. भाजी निवडायला खाली बसलं की आकडे फिके पडून दिसेनासे व्हायचे. मग त्यांनी यंत्राच्या मागे पुठ्ठ्याची घडी सरकवली आणि ते पुढे कललं. एकदा मी आठाला तीन वाचलं, पुन्हा वाचलं तरी तीनच. मला वाटलं, आता रागावणार. ते जाऊबाईंना म्हणाले, "दोष यंत्राचा की वाचणाऱ्याचा, हे आधी तपासायचं. तिला चप्पल घालायला सांग." डोंबिवली स्टेशनजवळच्या चष्म्याच्या दुकानात ते दुकानदाराला म्हणाले, "यांचं झिरो सेटिंग करून द्या." माझ्या आयुष्यातला तो पहिला चष्मा. बाहेर आल्यावर समोरच्या पाट्यांवरची अक्षरं मला एकेक सुटी दिसली. आभार मानायचे तर बोलावं लागलं असतं. घरी आल्यावर मी न विचारता आकडे वाचून दाखवले.

बिल्डिंगमध्ये त्यांना वेधशाळा म्हणायचे. जिन्यात कुणीतरी हटकायचं, "काय वेधशाळा, छत्री घेऊ का?" ते शांतपणे सांगायचे, "खिडकीतून बघा. यंत्र पुढचं सांगत नाही, आत्ताचं सांगतं."

बाहेरचा डबा दुपारी जास्त दाखवतो, हेही त्यांनीच शोधून काढलं. त्याला ऊन लागत होतं. त्यांनी पांढऱ्या प्लास्टिकच्या बश्या आणल्या, एकीखाली एक उलट्या बसवल्या आणि मधोमध डबा टांगला. वारा लागेल, पण ऊन लागणार नाही. दोन दिवस खपून केलं. जाऊबाई ते बघून म्हणाल्या, "यंत्राला छत्री केलीत. माझ्या खिडकीला साधा पडदा नाही."

आमचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, आणि स्वयंपाकघर पश्चिमेला. दुपारनंतर भिंतीला हात लावता येत नाही. पंखा लावला तर गॅस विझतो. जाऊबाईंना एक्झॉस्ट फॅन हवा होता. दरवर्षी होळी झाली की त्या विषय काढायच्या आणि दरवर्षी ते हॉलमधून विचारायचे, "घरात किती?" मी वाचायचे. "एकतीस. एकतीसला कोण एक्झॉस्ट लावतं?"

"अहो, इथे येऊन उभे राहा ना एकदा."

"तुझ्या बोलण्यातूनही तीन वजा करावे लागतात." आणि स्वतःच हसायचे. पाहुणे असले की पाहुणेही हसायचे.

यंत्र हॉलमध्ये होतं. हॉलच्या खिडक्या समोरासमोर आणि डोक्यावर पंखा. ते तिथून हलवायची कुणाला परवानगी नव्हती. हलवलं की पुन्हा स्थिर व्हायला वेळ लागतो म्हणे.

अक्षय्य तृतीयेला मुलगा जेवायला यायचा होता. पुरणाचा घाट होता. मी पुरण वाटत होते, जाऊबाई तव्याशी होत्या. त्यांनी पोळी उलटली आणि "अगं धाकटे" एवढंच म्हणाल्या. मी वळले तोवर त्या खाली होत्या. मी गॅस बंद केला, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि तोंडावर पाणी मारलं. आवाज ऐकून भाऊजी दारात आले. काय करावं ते सुचेना, म्हणून जे रोज विचारायचे तेच त्यांनी विचारलं, "घरात किती आहे?"

मी बसले होते तिथून यंत्र दिसत होतं. त्यांनीच पुठ्ठा लावून कलतं केलं होतं. "एकतीस पॉइंट चार."

"मग?" ते म्हणाले.

"भाऊजी, ते हॉलचं आहे."

आकडा सोडून मी त्यांच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

सलाइन लागलं, जाऊबाई वाचल्या. मुलगा त्यांना दवाखान्यातून परस्पर बाळकुमला घेऊन गेला. तिकडे लिफ्ट आहे, एसी आहे. "चार दिवस राहते," म्हणाल्या होत्या.

त्या गेल्यावर एका दुपारी भाऊजींनी यंत्र उचललं, स्वयंपाकघरात आणलं आणि मांडणीवर ठेवलं. दारात स्टूल टाकून बसले. घाम पुसत राहिले, उठले नाहीत. बऱ्याच वेळाने मलाच म्हणाले, "वाच."

"एकोणचाळीस पॉइंट दोन."

त्यांनी स्वतः चष्मा लावून पाहिलं. मग यंत्र पुन्हा तपासायला काढलं, बर्फ आणि मीठ, सगळं पहिल्यापासून. तापमानात चूक नव्हती.

आठवड्याभरात एक्झॉस्ट फॅन आला. खिडकीवर पांढरा छज्जा आला, पडदा आला. काम झाल्यावर त्यांनी स्पीकर लावून बाळकुमला फोन केला. "अगं, स्वयंपाकघर तेहेतीसवर आलंय. हवं तर धाकटीला विचार, तिने वाचलंय. ये आता."

जाऊबाई म्हणाल्या, "तीन वजा करून सांगा," आणि फोन ठेवला.

भाऊजींनी फोन टेबलावर पालथा ठेवला. मी भाकरी थापत होते. त्याच ओट्याशी जाऊबाईंच्या शेजारी मीही इतके उन्हाळे उभी होते. माझ्या डोळ्यांना आठ दिसत नाही, हे त्या माणसाला हॉलमधून कळलं होतं. मला उकडतं का, हे त्याने कधी विचारलं नाही, आणि फॅन लावला तोही मी तिथे असताना, पण माझ्यासाठी नव्हे.

जाऊबाई आल्या त्या भाऊजी वारल्यावर, त्यांच्या दिवसकार्याला. स्वयंपाकघरात शिरून त्यांनी वर पाहिलं. फॅन फिरत होता. "तुला तरी गार झालं ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

घर आता विकलं. मी कोपरीला भावाकडे असते. यंत्र कुणालाच नको होतं, म्हणून मी आणलं. ओट्याच्या वर, जिथे मी उभी असते तिथेच ठेवलंय. "तीन वजा" पट्टी मी सोलून काढली. इथे कुणी विचारत नाही, तरी दुपारी चष्मा लावून मी आकडा मोठ्याने वाचते. भावजय आतून ओरडते, "ताई, कुणाशी बोलताय?"

मी म्हणते, "कुणाशी नाही."