झरीहून आणलेली भट्टी

माझ्या बायकोला माझं सगळं माहीत होतं – एवढं सोडून. ती गेली तेव्हाही हे माझ्याच पोटात होतं. आज पहिल्यांदा बाहेर काढतोय.

मी सेलूचा. जन्मभर मोटारींचं रिवाइंडिंग केलं. झरीचा दिगंबर माझा मित्र. काचेचे रंगीत तुकडे एकमेकांवर मांडून, विजेच्या भट्टीत वितळवून तो तबकं करायचा. मलाही त्याचा नाद लागला. भट्टी त्यानं हयातीतच मला विकली होती, फक्त म्हणाला होता, "मी हाय तवर इथंच राहू दे."

तो गेला. महिन्याभरानं त्याच्या मुलानं ती टेम्पोत चढवून दिली. शकुंतलावहिनी आतल्या खोलीत होत्या, त्यांना भेटलोही नाही. झाकण दोरीनं बांधलेलं. रस्त्यात खड्डा आला की आत काहीतरी किणकिणायचं. दिगंबरची उरलेली काच असेल – मी स्वतःला सांगितलं. उघडून पाहिलं असतं तर ती काच परत द्यावी लागली असती, नाही का? म्हणून नाही पाहिलं.

तापवण्याआधी आत पाहायचं, हे दिगंबरनंच शिकवलेलं. तरी घरी आल्यावर मी फक्त दोरी सोडली आणि बटण दाबलं. भट्टी तापते का, एवढीच घाई.

दुसऱ्या दिवशी दुपारी झाकण उचललं. आत तळाच्या फरशीवर हिरव्या काचेचं थारोळं. त्यात कडी – एकमेकांत अडकलेली, दबलेली, पण मधली भोकं शाबूत. बाईचा हात जाईल एवढी. मी तसाच उभा राहिलो. काच थंड होती, तरी बोट लावायची हिंमत झाली नाही.

आठवड्यानं वहिनींचा फोन आला.

"भावजी, भट्टीत काय व्हतं का हो? माझ्या बांगड्या व्हत्या. ह्यांनी दुखण्यातबी सोता भरल्या व्हत्या. बाया फोडाया आल्या, तवा मी साबण लावून काढल्या अन् भट्टीत ठिवल्या. फुटू द्यायच्या नव्हत्या मला."

आणि मी म्हणालो, "न्हाई वहिनी. रिकामी व्हती."

का म्हणालो? फुटल्या नाहीत, वितळल्या – हे कोणत्या तोंडानं सांगायचं होतं? पण नुसतं खोटं बोलून ते तिथंच थांबलं असतं तर... थांबत नाही ना. बांगड्या तिथं ठेवताना फक्त त्यांच्या जावेनं, कलावतीबाईंनी, पाहिलं होतं. दारात त्याच उभ्या होत्या. मग दुसरं कोण घेणार?

त्या दिवसापासून वहिनींनी जावेशी बोलणं टाकलं. एकाच अंगणात दोन चुली, मध्ये अबोला. गावानं कलावतीबाईंना 'बांगडीचोर' म्हटलं. मला हे कळत होतं. मी झरीला जायचो, चहा घ्यायचो, यायचो.

इकडे भट्टी निवत आली की आतून आवाज यायचा. तारा आखडताना टिकटिक होते, मला ठाऊक आहे. हा तसा नव्हता. कुणी हात साबणानं ओला करून एकेक बांगडी उतरवतंय, खाली ठेवतंय – असा. बायको म्हणायची, "मला तर काहीच ऐकू येत न्हाई." झाकण उघडावं तर आत काही नाही; ते हिरवं थारोळं मी केव्हाच काढून ठेवलं होतं. पुढं मी भट्टी लावणंच सोडलं. तरी एखाद्या भर दुपारी ती आपली आपण निवत असल्यासारखी वाजते.

गेल्या उन्हाळ्यात वहिनी गेल्या. आंघोळ घालायला कलावतीबाई पुढं झाल्या. जावेचा तो हक्कच. मुलगा आडवा आला. "काकू, आईनं न्हाई म्हणून सांगितलंय. हात लावू नका."

त्या मागं सरल्या. भरल्या अंगणात त्यांनी एकट्या माझ्याकडं पाहिलं. म्हाताऱ्या, वाकलेल्या.

"भाऊ, भट्टी तुमी नेली व्हती. तुमी तरी सांगा ह्याला. म्या न्हाई घेतल्या."

सगळे माझ्याकडं पाहू लागले. आत बायकांनी पाणी ओतायला सुरुवात केली होती, त्याचा आवाज येत होता.

मी म्हणालो, "आता काय त्याचं, बाई."

त्या फाटकाबाहेर जाऊन बसल्या. तिरडी त्यांच्या समोरून गेली. मी खांदा दिला होता, त्यामुळं मान वळवता येत नव्हती – नाही, वळवता येत होती. मी वळवली नाही.

कलावतीबाई अजून झरीतच राहतात. त्यांनी बांगड्या घेतल्या नव्हत्या. मी वितळवल्या.