पेंटरचे पाच घोडे

वरातीत सगळी माणसं नवरदेवाकडं बघायची, आमचा पेंटर घोड्याच्या पुठ्ठ्याकडं बघायचा. घोडा करड्या ठिपक्यांचा, म्हणजे सब्जा असला, की हा पंगत सोडून त्याच्या मागं चालायला लागायचा. नेवाशात एका लग्नात घोडेवाला ओरडला, "ओ पावनं, लात बसंल!" पेंटर म्हणाला, "बसू द्या. तेवढं शेपूट जरा बाजूला धरा." घोडेवाल्याला वाटलं, गडी दुपारीच घेऊन आलाय. त्या माणसानं जन्मात दारूला हात लावला नव्हता.

मी सुतार. शाळा तिसरीपर्यंत, त्यातली दुसरी दोनदा. पण शिवणीच्या लाकडातून वीतभर घोडा असा काढतो, की टाच मारली तर पळेल. हे माझं मीच सांगतो, कारण पेंटरनं कधी सांगितलं नाही. हे घोडे लोक नवसाचे म्हणून खंडोबाला नेतात, कोणी घरात कपाटात मांडतात. पेंटर आधी दुकानांच्या पाट्या आणि टेम्पोंवर नावं रंगवायचा. फ्लेक्स आले, पाट्यांचं काम गेलं आणि तो ब्रशांचा डबा घेऊन माझ्या दुकानात आला. आला तो वीस वर्षं राहिला.

माणूस ख्रिस्ती. रविवारी चर्च, त्या दिवशी ब्रशाला हात नाही. मी कितीही आदळआपट केली तरी नाही. एकदा एका गिऱ्हाइकानं विचारलंच, "खंडोबाचा घोडा तुमी कसा काय रंगवता?" पेंटर मान वर न करता म्हणाला, "घोड्यानं अजून इचारलं न्हाई मला." आणि घोड्याची जी बाजू भिंतीकडं जाणार तीही तो तेवढ्याच जिवानं रंगवायचा. मी म्हणायचो, "कोन बघतंय तिकडून?" तर म्हणायचा, "देव भिंतीतून बी बघतो, सुतार. तुमी रंधा मारा."

त्याची खरी विद्या ठिपक्यांची. सगळे रंगारी करड्या अंगावर पांढरी टिंबं देतात. पेंटर त्याला म्हणायचा, "घोड्याला देवी आल्या." त्याची रीत उलटी. आधी सगळं अंग फिकं रंगवायचं आणि मग गडद रंगाची जाळी त्याच्यावर अशी विणायची, की मधली फिकी जागा आपोआप गोल दिसावी. रंग अर्धा ओला असताना जुन्या धोतराच्या चिंधीनं कडा टिपायच्या. पुठ्ठ्यावर गोल मोठे, पोटाकडं बारीक, गुडघ्याखाली काहीच नाही. "ठिपका काढायचा नसतो," तो म्हणायचा, "ठिपका सोडायचा असतो."

आमची भांडणं रोजची. मी म्हणायचो, "घोडा माझा, पेंटर. तुमी नुसतं कातडं चढवता." तो म्हणायचा, "मंग बिनकातड्याचा इका की!" काम झालं की मात्र घोड्याकडं पुन्हा बघायचा नाही. वाळला की मी कापडात गुंडाळून फळीवर ठेवायचो, आणि गिऱ्हाइकाच्या घरी पोचला तरच तो त्याचं तोंड बघायचा. "दिल्या लेकीच्या घरात रोज डोकावू न्हाई," म्हणायचा. हीच त्याची सवय पुढं मला फावली.

आधी त्याच्या बशीत कप वाजायला लागला. मग उजवं मनगट डाव्या हातात धरून तो ब्रश चालवायला लागला. मी बघत होतो, विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. दवाखान्यातल्या गोळ्या तो पानाच्या चंचीत लपवून खायचा.

तेव्हाच देवळाली प्रवऱ्याचे पाच भाऊ आले. वडिलांची सब्जी घोडी म्हातारी होऊन मेली होती. भावांच्या वाटण्या झालेल्या, घरं वेगळी झालेली. पण घोडी सगळ्यांनाच हवी होती. म्हणून पाच घरांत पाच घोड्या, सगळ्या हुबेहूब तिच्यासारख्या. थोरल्यानं मोबाईलवर फोटो दाखवला. पेंटरनं तो इतका वेळ धरून ठेवला की थोरला म्हणाला, "मोबाईल तरी द्या म्हाघारी."

पेंटरनं पहिला घोडा रंगवला आणि घरी गेला. मी बघितला. गोलांच्या कडा फाटल्या होत्या, जाळी जागोजागी तुटली होती. मी त्याला बोलवायला हवं होतं. बसवून, "पेंटर, हात हलतोय," एवढं म्हणायला हवं होतं. पण मला आधी माझं नाव दिसलं. माझ्या दुकानातून असा घोडा बाहेर जाणार? टर्पेंटाइननं सगळं पुसलं आणि मी स्वतः रंगवलं. पाचही घोड्यांचं तसंच केलं. तो रंगवून जायचा, मी पुसायचो, रंगवायचो, गुंडाळून ठेवायचो. पहिल्या घोड्यांना टिंबंच पडली. पुढं पुढं हात बसत गेला.

थोरल्याच्या ओसरीवर पाचही घोडे ओळीनं मांडले. थोरल्याच्या बायकोनं डोळ्याला पदर लावला. "पेंटर, आमची घोडी आनली तुमी!" थोरला म्हणाला. पेंटर वाकून एकेक घोडा बघत गेला. मग ताठ झाला आणि हात जोडले. दुसऱ्याच्या कामाचं कौतुक त्यानं चार माणसांत मान खाली घालून घेतलं. येताना टेम्पोत एवढंच म्हणाला, "देवी आल्यात, सुतार."

मी म्हणालो, "ऊन लागलंय तुमाला."

दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. मी निरोप धाडला, काम आहे, या. उलटा निरोप आला, "काम असंल तर दुसरा बगा. माझ्याशी काय काम असंल तर सुताराला इकडं या म्हनावं." त्याला काय ऐकायचं होतं ते मला कळत होतं. दोन शब्दांचं काम होतं. मी आठ महिने गेलो नाही. आपण काय चोरी केली, असं स्वतःशी म्हणत रंधा मारत राहिलो.

शेवटी कळलं, पेंटर आता उठत नाही. मग गेलो.

खाटेवर भिंतीला टेकून बसला होता. मांडीवर कौलाचा तुकडा, त्यावर ब्रशानं काढलेली जाळी, बरीचशी फाटलेली. उशाशी तशीच रंगवलेली कौलं रचलेली. पेंटरीणबाई मला बघून हरखल्या, "बसा, च्या ठिवते," म्हणून आत गेल्या. मी उभ्या उभ्याच बोललो. बसलो असतो तर बोललो नसतो.

"पेंटर, चुकलं माझं. ते पाच घोडे मी पुसले. पाचीच्या पाची मीच रंगवले."

पेंटरनं माझ्याकडं बघितलं. "पाच?"

"व्हय."

"तीन," तो म्हणाला. "पयले तीन तुमचे. ते मी तवाच वळखले. मागचे दोन..."

मला तेव्हा उमजलं. मागचे दोन तो स्वतःचे समजत होता. त्या दोन घोड्यांच्या जिवावर आठ महिने कौलं रंगवत होता.

त्यानं हातातला ब्रश उशाशी ठेवला. मग म्हणाला, "मंग बसला म्हनायचा तुमचा हात. मला बी वळखू आलं न्हाई." त्याच्या तोंडून चांगला शब्द ऐकायला मी वीस वर्षं थांबलो होतो. तो असा मिळाला.

तेवढ्यात पेंटरीणबाई चहा घेऊन आल्या. "तुमीच सांगा आता, सुतारदादा," त्या म्हणाल्या. "हे रोज मला सांगत्यात, शेवटच्या दोन घोड्यांना माझा हात जरा सुदीक कापला न्हाई. मंग बरा हुईल का न्हाई हात?"

मी कप तसाच खाली ठेवला. पेंटरनं कौल मांडीवरून बाजूला ठेवलं आणि बायकोकडं बघून हसला.

"सुतार बी आत्ता त्येच म्हनत हुते," तो म्हणाला.