खिडकीकडचा हात

विमानात मागच्या माणसाचे पाय दिसले की आजही माझं डोकं फिरतं.

मुलगी दिल्लीला बाळंत झाली, तेव्हा माझ्या डाव्या कोपराचं प्लास्टर नुकतंच निघालं होतं. "धक्का लागू देऊ नका," डॉक्टरांनी बजावलं, "नाहीतर नातीला उचलून घेणं विसरा." म्हणून मी मुद्दाम खिडकीची जागा घेतली. डावा हात भिंतीकडे, येणाऱ्याजाणाऱ्यांपासून लांब. विमानतळावर जाताना विश्रांतवाडीच्या रिक्षावाल्याने माझा हात पाहून खड्डेसुद्धा चुकवले होते.

विमान उडालं आणि सीट व भिंत यांच्या फटीतून मोजा घातलेला एक पाय पुढे आला. माझ्या कोपराला खेटून, हात ठेवायच्या जागेवर तो खुशाल विसावला.

माझं अख्खं आयुष्य मंडईच्या मागच्या वाड्यात गेलं. आमच्याकडे राग आला की आवाज चढत नाही, आदर वाढतो. मंडईतल्या भाजीवालीलाही ते कळतं. मी मान वळवून म्हटलं, "अहो, आपल्या पायाला माझ्या हाताची अडचण तर होत नाही ना?"

मागच्या तरुणाने कानातलं गाण्याचं यंत्र काढलं. "नो नो काकू, एकदम कम्फर्टेबल!"

आणि त्याने दुसराही पाय पुढे केला.

मी आदर आणखी वाढवला. "उशी मागवू का आपल्यासाठी?"

"नको, थँक्यू! सो स्वीट ऑफ यू."

थोड्या वेळाने साहेबांना झोप लागली. झोपेत त्याने पाय ताणला आणि टाच थेट माझ्या कोपरावर आदळली. डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"काढ तो पाय!" मी किंचाळले. सगळे माना वळवून माझ्याकडेच बघू लागले, जणू पाय माझाच होता.

त्याने पाय ओढून घेतले. "सॉरी काकू. पण आधी सांगायचं ना!"

आधी? दुसऱ्याच्या अंगाला पाय लावू नये, हे घोड्याएवढ्या माणसाला सांगावं लागतं? त्याच्या घरी शिकवायला कुणी होतं की नाही?

दिल्लीला पोचेपर्यंत कोपर टम्म सुजलं. मुलीने बाळ पुढे केलं, पण डावा हात वर जाईना. शेवटी विहीणबाईंनी नातीला माझ्या शेजारी गादीवर ठेवलं. बाळाने दुपट्यातून पाय बाहेर काढला. उजव्या हाताने तो एवढासा तळवा धरून मी बसून राहिले, आणि त्या मोजेवाल्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. या वेळी कुणालाही कळतील अशा.